चेहऱ्याला मार लागला तर कुठला एक्स-रे? कवटीचे व्ह्यू आणि गालफडाची हाडं

एक्सरे_राजारामपुरी

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या, की एक्स-रे रूमबाहेरच्या बाकड्यावर सुजलेले चेहरे वाढतात. कुणाच्या गालावर हेडिंग करताना दुसऱ्याचं डोकं बसलेलं असतं, कुणी रात्री बिनलाईटच्या ट्रॉलीला मागून गाडी घातलेली असते. डोळा मिटलेला, ओठ फाटलेला आणि हातात चिठ्ठी : ‘स्कल ए.पी., लॅटरल’, म्हणजे कवटीचा समोरून आणि बाजूनं फोटो.

दुखतंय गालाला आणि फोटो सांगितलाय कवटीचा. रात्री कॅज्युअल्टीत गर्दी असताना हात सवयीनं तेच लिहितो, हे मी जाणतो. पण त्या दोन फोटोंत गालाचं हाड धड दिसतच नाही. ‘नो फ्रॅक्चर’ ऐकून पेशंट घरी जातो आणि सूज उतरल्यावर आरशात कळतं की एक गाल बसलाय. तोवर हाड जुळायला लागलेलं असतं. म्हणून हा धागा. मी रेडिओग्राफर आहे, डॉक्टर नाही. निदान डॉक्टरांनीच करायचं. फोटो कसा काढला म्हणजे त्यांना दिसेल, एवढं मी सांगू शकतो.

डोक्यात एकूण २२ हाडं. ८ कवटीची, १४ चेहऱ्याची. एक्स-रेत सगळी एकावर एक पडतात. त्यांतलं सगळ्यात दाट हाड म्हणजे कानाच्या आतलं पेट्रस. फिल्मवर त्याचा पांढराशुभ्र कडा दिसतो आणि तो ज्याच्यावर पडेल ते झाकलं जातं. कवटीचे व्ह्यू पाठ करताना पोरं कोनांमध्ये अडकतात. मी त्यांना एकच सांगतो, पेट्रस कुठं गेलं ते बघा. प्रत्येक व्ह्यू म्हणजे पेट्रसला कुठं ढकललं याचा हिशेब आहे.

सरळ पी.ए. (किरण डोक्यामागून चेहऱ्याकडं) घेतला, किरण न तिरका करता, तर पेट्रस डोळ्यांच्या खोबणीत भरून राहतं. कपाळ आणि कवटीचा घुमट दिसतो, खोबणी दिसत नाहीत.

कपाळ आणि नाक बकीला (फिल्म बसवायच्या स्टँडला) टेकवून ट्यूब पायाकडं १५ अंश तिरकी केली की तो कॅल्डवेल. पेट्रस खोबणीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात उतरतं. वरची कड, फ्रंटल सायनस (कपाळाच्या हाडातली हवेची पोकळी), नाकाच्या मुळाशी असलेले इथमॉइड मोकळे होतात. ज्यांच्या नावानं हा व्ह्यू आहे ते यूजीन कॅल्डवेल किरणांच्या इजेनंच १९१८ मध्ये गेले. लेड ॲप्रन अंगावर घालताना मला त्यांची आठवण होते.

चेहऱ्यासाठी सगळ्यात कामाचा वॉटर्स. १९१५ पासून वापरात आहे, ऑक्सिपिटोमेंटल किंवा नुसतं ओ.एम. असंही लिहितात. पेशंट बकीकडं तोंड करून बसलेला. हनुवटी बकीला टेकलेली, मान मागं, नाकाचा शेंडा बकीपासून दीड-दोन सेंटिमीटर सुटा. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि कानाचं भोक जोडणारी रेषा फिल्मशी ३७ अंशात आली पाहिजे. मग पेट्रस मॅक्सिलरी सायनसच्याही (गालामागची हवेची पोकळी) खाली जातं आणि सायनस, खोबणीची खालची कड, गालाचं हाड सगळं उघडं पडतं. पेट्रस सायनसच्या खालच्या भागावर चढलेलं दिसलं, तर हनुवटी पुरेशी वर गेली नव्हती. तो फोटो रिपोर्टला पाठवायचाच नाही, पुन्हा घ्यायचा. ट्यूब आणखी ३० अंश खाली झुकवली की ओ.एम. ३०. खोबणीचा तळ आणि गालाची कमान त्यात अधिक नीट दिसते.

हा फोटो शक्यतो बसवून, किरण आडवा ठेवून घ्यायचा. सायनसमध्ये रक्त साचलं असेल तर त्याची पातळी तेव्हाच सरळ रेषेत दिसते. झोपवून घेतला तर रक्त पसरतं आणि नुसता धूसरपणा राहतो.

टाउन व्ह्यू म्हणजे हनुवटी छातीला, ट्यूब पायाकडं ३० अंश. डोक्याचं मागचं हाड आणि खालच्या जबड्याचे कंडाइल (कानापुढच्या सांध्यातले गोळे) यासाठी. कंडाइलच हवे असतील तर तोंड बकीकडं करून रिव्हर्स टाउन, तोंड उघडून. गालाच्या कमानीसाठी हनुवटीखालून वर घेतलेला सबमेंटोव्हर्टेक्स, पण त्यात मान पार मागं टाकावी लागते. मानेला मार असल्याची नुसती शंका असली तरी हा व्ह्यू घ्यायचा नाही. मणका सरकला तर गालाच्या हाडासाठी पेशंट लुळा व्हायचा.

लॅटरलला मी कमी लेखत नाही. पेशंट उताणा ठेवून, किरण आडवा घेऊन काढलेल्या लॅटरलमध्ये स्फेनॉइड सायनसात (नाकाच्या पार मागची पोकळी) पाण्याची पातळी दिसली, तर कवटीचा तळ फुटल्याची दाट शंका येते. भेग स्वतः दिसत नसली तरी.

आता वॉटर्स हातात घेतल्यावर बघायचं कसं. आम्हाला डोलनच्या तीन रेषा शिकवल्या होत्या. पहिली खोबणीच्या आतल्या कडेनं फिरत नाकाच्या कमानीवरून पलीकडं जाते. दुसरी खोबणीच्या बाहेरच्या कडेनं उतरून गालाच्या कमानीच्या वरच्या काठानं कानाकडं. तिसरी कमानीच्या खालच्या काठानं येऊन गालाच्या हाडाखालून मॅक्सिलरी सायनसच्या बाहेरच्या भिंतीवर उतरते. दुसरी आणि तिसरी एकत्र बघितली की हत्तीचं डोकं दिसतं, कमान म्हणजे सोंड. आजरा-चंदगडकडच्या पोरांना हे सांगावं लागत नाही, हत्ती त्यांच्या शेतात येऊन गेलेला असतो. दोन्ही बाजूंचे हत्ती सारखे असले पाहिजेत. एकाची सोंड मोडलेली किंवा कपाळावर पायरी दिसली की तिथं थांबायचं.

रेषा झाल्या की काळ्या-पांढऱ्याकडं या. एक सायनस काळा आणि दुसरा पांढरा का? सायनसच्या छतावरून थेंबासारखा गोळा लोंबतोय का? तो खोबणीचा तळ फुटून खाली आलेली चरबी असू शकते, टिअरड्रॉप साइन म्हणतात. भुवईखाली काळी कोर दिसतेय का? ती सायनसमधून खोबणीत शिरलेली हवा. हाडाची भेग सापडत नसताना या खुणा पुष्कळदा सांगून जातात.

प्रश्न विचारा, अनुभव लिहा. डॉक्टर मंडळींनी चुकलं तिथं दुरुस्त करावं.

---

तालमीतला

दादा लई भारी लिहिलंय. आमच्या आखाड्यात नाक फुटणं रोजचं. कोल्हापुरात खासबागेत १९१२ पास्नं कुस्त्या हुत्यात, तवापास्नं किती नाकं मोडली आसतील त्याचा हिशोब न्हाई. नाकाचा एक्स-रे काढायचा का न्हाई ते सांगा. वस्ताद म्हणत्यात बर्फ लाव आणि उद्या मातीत ये.

---

मुखशल्य

धाग्यासाठी धन्यवाद. मी मॅक्सिलोफेशिअल सर्जन आहे. आधी तालमीतल्या भावाला उत्तर देतो, कारण ते थांबणारं नाही.

नाकाचं हाड मोडलंय का हे डोळ्यानं आणि बोटानं कळतं. वाकडं झालंय, हात लावल्यावर करकरतं, रक्त आलं होतं, मग उपचारासाठी एक्स-रेची फारशी गरज नाही. पण नाकाच्या आत बॅटरी मारून बघितलंच पाहिजे. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर लाल-निळसर मऊ फुगा दिसला तर तो सेप्टल हिमेटोमा, म्हणजे पडद्यात साचलेलं रक्त. ते त्याच दिवशी काढावं लागतं. पडद्याच्या कूर्चेला रक्तपुरवठा वरच्या आवरणातूनच मिळतो. मधे रक्त साचलं की तो तुटतो, दोन-तीन दिवसांत कूर्चा मरते आणि नाक मधेच खचतं. हे एक्स-रेत कधीच दिसणार नाही. वस्तादांना माझा नमस्कार सांगा आणि बर्फ जरूर लावा, पण नाक दोन्हीकडून बंद वाटत असेल तर उद्या मातीत नाही, आज कान-नाक-घसा डॉक्टरकडे.

वाकडं हाड सरळ करायचं तर सूज उतरल्यावर, साधारण आठवडा-दहा दिवसांच्या आत. लहान मुलांत त्याहून लवकर.

आता मूळ विषय. एक्सरे_राजारामपुरी यांनी व्ह्यू फार नेमके मांडलेत. माझी भर एवढीच की फिल्मच्या आधी हात. पेशंटला खुर्चीत बसवून त्याच्या मागे उभा राहतो, वरून खाली बघतो. सूज असली तरी दोन्ही गालांच्या उंचीतला फरक तिथून दिसतो. मग दोन्ही हातांची बोटं एकाच वेळी दोन्ही बाजूंना : भुवईचा बाहेरचा कोपरा, खोबणीची खालची कड, गालाची कमान, तोंडात बोट घालून वरच्या दाढांच्या वरचा खांब. पायरी लागली तर पेशंट स्वतःच मागे सरकतो. मग विचारतो, गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ आणि वरचे दात बधिर आहेत का? खोबणीच्या खालून जाणारी इन्फ्राऑर्बिटल नस त्या भागाची. तिच्या वाटेवर भेग गेली की बधिरपणा येतो. वर बघताना दोन दिसतात का? तोंड पूर्ण उघडतं का? कमान आत दबली की ती जबड्याच्या कोरोनॉइडला (वरच्या टोकदार भागाला) अडते.

गालाच्या हाडाच्या फ्रॅक्चरला ‘ट्रायपॉड’ म्हणायची जुनी सवय आहे. प्रत्यक्षात ते हाड शेजाऱ्यांना चार ठिकाणी धरून असतं आणि चारही ठिकाणी बघावं लागतं. एकच भेग सापडली म्हणून शोध संपला असं समजू नका.

आणि एक स्पष्ट मत. डोळ्याच्या खोबणीची किंवा मधल्या चेहऱ्याची शंका असेल तर मी एक्स-रेवर थांबत नाही. पातळ काप, कोरोनल आणि सॅजिटल रीफॉरमॅटसह (तेच काप समोरून आणि बाजूनं मांडून) सीटी फेस लागतोच. ल फोर प्रकारचं फ्रॅक्चर, ज्यात वरचा जबडा किंवा सगळा मधला चेहराच कवटीपासून सुटतो, ते फिल्मवर तपशिलात समजत नाही. रने ल फोर यांनी १९०१ मध्ये प्रेतांच्या डोक्यांवर प्रयोग करून या भेगांच्या ठरावीक वाटा दाखवल्या. तिन्ही प्रकारांत मागचे टेरिगॉइड पातळ पत्रे तुटतात आणि ते पत्रे बघायला सीटीच हवा.

---

राधानगरी_एमओ

सर, तुमचं मत शास्त्राप्रमाणे बरोबर आहे. पण आमच्याकडे रात्री अकरा वाजता फक्त एक्स-रे मशीन आहे, तेही टेक्निशियन घरून बोलावून. सीटी म्हणजे कोल्हापूर. घाटरस्ता, पाऊस, नातेवाईक तीन आणि खिशात पैसे नाहीत. प्रत्येक फुटलेल्या भुवईला मी सीटीला पाठवू शकत नाही. मग मी काय बघून ठरवू?

---

एक्सरे_राजारामपुरी

डॉक्टर, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मी मशीनच्या बाजूनं बोलतो, बाकी सर सांगतील.

तुम्हाला दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. मेंदूला काही झालंय का, हा एक. चेहऱ्याचं हाड मोडलंय का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला कवटीचा एक्स-रे उत्तर देत नाही. कवटीला भेग नसतानाही आत रक्तस्राव असू शकतो आणि भेग असून आत सगळं ठीक असू शकतं. म्हणून डोक्याच्या माराला आता कवटीची फिल्म मागं पडली आणि सीटी आला. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या डोक्याचा सीटी झाला, त्याआधी आतलं रक्त थेट दाखवणारी अशी सोपी तपासणी नव्हती.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र चांगला ओ.एम. आणि ओ.एम. ३० तुमच्या मशीनवर निघतो. पेशंट उताणा आणि मानेला कॉलर असेल तर मान हलवायची नाही, ट्यूब हलवायची. रिव्हर्स वॉटर्स घ्या : पेशंट आहे तसा झोपलेला, ट्यूब डोक्याकडं तिरकी, हनुवटी ते कान या रेषेला समांतर. चेहरा फिल्मपासून लांब राहतो म्हणून प्रतिमा थोडी मोठी येते आणि रक्ताची पातळी दिसत नाही, पण कडा आणि कमान समजतात.

---

मुखशल्य

डॉक्टर, माझं म्हणणं शहरातून बोलल्यासारखं वाटलं असेल तर तो हेतू नव्हता. तुमच्या जागी मी असं ठरवेन.

बेशुद्ध पडला होता आणि अजून पुरता भानावर नाही, पुन्हा पुन्हा उलटी, झटका, एका बाजूचा हातपाय कमजोर, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं वाहतंय, दोन्ही डोळ्यांभोवती काळं, कानामागे निळं : यातलं काहीही असेल तर एक्स-रेत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा न्यूरोसर्जन असलेलं जवळचं रुग्णालय. कवटीच्या तळाची शंका असलेल्या पेशंटच्या नाकातून नळी घालू नका.

कानशिलावरचा मार मी स्वतंत्र सांगतो. तिथलं हाड पातळ, आणि त्याच्या आतून मिडल मेनिंजिअल धमनी जाते. ती फाटली की पेशंट आधी शुद्धीवर येतो, बोलतो, चहा मागतो, आणि तासा-दोन तासांत घसरतो. शुद्धीवर आहे म्हणून नातेवाईक घरी न्यायला बघतात. जीसीएस (शुद्धीची पातळी मोजणारा आकडा) दर अर्ध्या तासाला लिहा, एक आकडा जरी खाली आला तरी हलवा.

डोळ्यापुरतं : नजर कमी झाली, डोळा दगडासारखा टणक आणि बाहेर आलेला वाटला, तर त्यालाही त्याच रात्री पाठवायचं. बाकी नुसता गाल दुखतो, नजर ठीक, जबडा चावताना जुळतो, तर तुमच्याकडचा ओ.एम. घेऊन दोन-चार दिवसांत सूज उतरल्यावर पाठवलं तरी चालतं. गालाच्या हाडाचं ऑपरेशन साधारण दोन आठवड्यांत झालं की बरं पडतं. कमान एकटीच दबली असेल तर कानशिलावर केसांत छोटी चीर घेऊन आतून उचलता येते, गिलीज यांची १९२७ ची पद्धत आजही वापरतो.

---

मंजू_शाहूपुरी

नमस्कार. माझा मुलगा चौदा महिन्यांचा. परवा दिवाणावरून फरशीवर पडला. लगेच रडला, थोड्या वेळाने खेळायला लागला, कपाळावर टेंगूळ आहे. आम्ही डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी बघून घरी पाठवलं. सासूबाई म्हणतात एक एक्स-रे तरी काढायला हवा होता, मन शांत होईल. मी अस्वस्थ आहे. किरणांचीही भीती वाटते.

---

मुखशल्य

ताई, डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं ते वर्णनावरून योग्य वाटतं. अमेरिकेत ४२ हजारांहून जास्त मुलांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातून दोन वर्षांखालच्या बाळांसाठी काही खुणा निघाल्या : शुद्ध किंवा वागणं बदललेलं, कपाळ सोडून डोक्याच्या बाजूला किंवा मागे सूज, पाच सेकंद किंवा जास्त बेशुद्धी, तीन फुटांपेक्षा उंचावरून पडणं किंवा तसाच जोराचा मार, हाताला लागणारी भेग. आणि सहावी खूण अशी की आईवडिलांना मूल नेहमीसारखं वाटत नाही. तुमचं वाटणं तिथं तपासणीचा भाग आहे. यातलं एकही नसेल तर मोठी इजा असण्याची शक्यता फारच कमी.

बाळ झोपू द्या. उलट्या होत राहिल्या, उठवताना उठेना, रडणं थांबेना किंवा डोक्याच्या बाजूला मऊ, लिबलिबीत सूज आली तर लगेच न्या. सासूबाईंना सांगा की एक्स-रे नॉर्मल आला असता तरी हीच लक्ष ठेवायची यादी राहिली असती.

थोडी मोठी मुलं असलेल्यांसाठी आणखी एक. क्रिकेटचा चेंडू किंवा कोपर डोळ्याला लागलं, डोळा बाहेरून पांढरा स्वच्छ दिसतो, सूजही फार नाही, पण वर बघायला सांगितलं की एक डोळा वर जात नाही आणि मूल ओकारी काढतं, गळून जातं. मुलांचं हाड लवचिक असतं, खोबणीच्या तळाची भेग उघडून पुन्हा मिटते आणि डोळ्याचा स्नायू तिच्यात चिमटला जातो. त्याच्या ताणानं नाडी मंद होते आणि उलट्या होतात. लोकांना डोक्याचा मार वाटतो, पित्त वाटतं. एक्स-रे पूर्ण नॉर्मल असू शकतो. याला ऑपरेशन लवकर, शक्यतो एक-दोन दिवसांत लागतं. मुलाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगा. दहा सेकंदांचं काम आहे.

---

एक्सरे_राजारामपुरी

ताई, किरणांबद्दल : कवटीच्या एका फोटोचा डोस साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी, डोक्याच्या सीटीचा सुमारे २. माती, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला जगात सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिळतोच. म्हणजे गरज असेल तेव्हा सीटीला घाबरू नका, आणि नुसत्या समाधानासाठी बाळाला साधा एक्स-रेही नको.

---

ट्रेनी_रेडिओग्राफी

सर, दोन शंका. कवटीवर सूचर (दोन हाडांमधला सांधा), रक्तवाहिनीची खाच आणि फ्रॅक्चर या तिन्ही रेषाच दिसतात. ओळखायचं कसं? दुसरी, जबड्याला ओ.पी.जी. (सगळा जबडा एका फिल्मवर उलगडून दाखवणारा एक्स-रे) पुरतो का?

---

एक्सरे_राजारामपुरी

चांगली शंका आहे. सूचर नागमोडी असते, ठरलेल्या जागी असते, मोठ्या माणसात तिच्या कडा थोड्या पांढऱ्या असतात. वाहिनीची खाच करडी दिसते, फांद्या फुटतात आणि पुढं बारीक होत जाते. फ्रॅक्चरची रेषा जास्त काळी, कारण हाडाचे दोन्ही थर फुटलेले असतात. ती बहुतेक सरळ जाते, एकदम दिशा बदलते आणि तिच्या कडा तीक्ष्ण असतात. काळ्याऐवजी पांढरी दाट रेषा दिसली तर सोडू नकोस. हाड आत दबून एकावर एक चढलं की तिथं पांढरं दिसतं, तेव्हा त्या जागेला किरण चाटून जाईल असा टँजेन्शिअल घ्यायचा. काहींच्या कपाळाच्या मधोमध मेटोपिक सूचर मोठेपणीही राहते, तीही लक्षात ठेव.

जबड्याला ओ.पी.जी. उत्तम, पण पेशंटला उभं किंवा बसतं राहावं लागतं आणि मधल्या भागावर मानेच्या मणक्याची सावली येते, त्यामुळं हनुवटीजवळची भेग लपू शकते. म्हणून सोबत पी.ए. मँडिबल (खालच्या जबड्याचा पी.ए.) घे. ओ.पी.जी. नसेल तर दोन्ही बाजूंचे लॅटरल ऑब्लिक, पी.ए. आणि कंडाइलसाठी रिव्हर्स टाउन. खालचा जबडा कड्यासारखा दोन्हीकडं कवटीला अडकलेला, एका ठिकाणी मोडला की दुसरीकडंही बघायचं. हनुवटीवर आपटलेल्याचे दोन्ही कंडाइल बघितल्याशिवाय पेशंट सोडायचा नाही.

---

मुखशल्य

सहमत. जिभेखाली काळंनिळं दिसलं तर जबडा मोडला असं धरूनच चाला. लाकडी स्पॅच्युला दाढांत घट्ट धरायला सांगून पिळायची, दोन्ही बाजूंना न दुखता ती मोडता आली तर फ्रॅक्चरची शक्यता बरीच कमी. आणि पेशंटला विचारा, ‘दात पहिल्यासारखे बसतात का?’ माणसाला आपला चावा केसाएवढाही बदललेला कळतो.

---

वकील_ताराबाई_रोड

वैद्यकीय बाजू वाचली, कायद्याची एक गोष्ट सांगते. मारामारी किंवा अपघात असेल तर केस एम.एल.सी. (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी) होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये हाड किंवा दात मोडणं हे ‘गंभीर दुखापती’त येतं, संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याआधी हेच दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये होतं. म्हणून नाकाचा एक्स-रे उपचाराला लागत नसला तरी पुराव्याला लागू शकतो. फिल्मवर नाव, तारीख, बाजूचा मार्कर आणि एम.एल.सी. नंबर नसला की उलटतपासणीत त्यावरच बोट ठेवलं जातं. दवाखान्यातून निघताना एवढं वाचून घ्या.

---

राधानगरी_एमओ

मॅडम, हे फार उपयोगी. मार्कर नंतर पेनाने लिहिलेले फोटो माझ्याकडेही येतात. आमच्या टेक्निशियनला हा धागा दाखवतो.

---

फॉरवर्ड_नऊ

भावांनो, सगळा धागा एका दमात वाचला. शाहू स्टेडियमवर मॅचमध्ये कोपर बसलं गालावर. एका दवाखान्यात स्कलचे दोन फोटो काढले, काही नाही म्हणाले. पण वरचा ओठ आणि दोन दात अजून बधिर हायत, जांभई देताना तोंड अडकतंय, आणि फोनवर सेल्फी बघितली तर डावा गाल खाली वाटतोय. पुढल्या आठवड्यात सेमी हाय. खेळू का?

---

मुखशल्य

नाही. बधिर ओठ, अडकणारं तोंड आणि बसलेला गाल या तिन्ही एकत्र असतील तर गालाचं हाड मोडलंय असं मी धरून चालेन, एक्स-रे काहीही म्हणो. उद्या मॅक्सिलोफेशिअल किंवा प्लॅस्टिक सर्जनला दाखवा, डोळे तपासून घ्या. नाक शिंकरू नका, जोरात शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका, नाहीतर सायनसमधली हवा डोळ्याभोवती शिरते. त्या बाजूला झोपू नका. सेमी फायनलचं नंतर बघू, हाड सरकलेलं असेल तर त्याच्यासाठी आता दिवस मोजके आहेत.

---

एक्सरे_राजारामपुरी

भावा, सरांनी सांगितलंय ते कर. जाताना जुन्या दोन्ही फिल्म सोबत ने, त्यांवर तारीख आहे. सीटी झाला की नुसता कागद आणि छापलेली फिल्म घेऊन येऊ नको, सीडी किंवा पेन ड्राइव्ह माग. सर्जनला हाड फिरवून बघायचं असतं. चिठ्ठीवर ‘सीटी फेस, पातळ काप, कोरोनल-सॅजिटल आणि थ्रीडी’ असं लिहिलंय का बघ. नुसतं ‘सीटी ब्रेन’ असेल तर काप वरच संपतात आणि तुझं गालाचं हाड अर्धवट येतं. लिहिलेलं नसेल तर काउंटरवरच विचार आणि डॉक्टरांकडून दुरुस्त करून घे. डावा गाल, ओठ बधिर, तोंड अडकतंय, हे तीन शब्द टेक्निशियनला तोंडानं पण सांग.

---

फॉरवर्ड_नऊ

सकाळी दहाची वेळ मिळाली. कॅप्टनला सांगितलं, टीममधनं नाव काढलं.